कोटेशनची चिठ्ठी

१९९०च्या दशकाच्या अखेरीस ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोडकडे वळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बहुधा दोन गोष्टी असायच्या. एक म्हणजे घरात बोलणी होऊन ठरलेला आकडा, आणि दुसरी म्हणजे घडी घालून घालून मऊ पडलेली कोटेशनची चिठ्ठी. दुकानाच्या पॅडवर बॉलपेनने लिहिलेली ही यादी जवळपास सगळीकडे एकाच क्रमाने उतरायची. आधी प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी-रॉम, मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस, स्पीकर. खाली बेरीज आणि बेरजेखाली दोन शब्द : टॅक्स एक्स्ट्रा.

ग्राफिक्स कार्डाला या यादीत स्वतःची ओळ नसायची. मुलाने हळूच विचारलं तर काउंटरवरचा माणूस ते समासात लिहून द्यायचा, बेरजेच्या बाहेर. घरात कॉम्प्युटर येत होता तो अभ्यासासाठी. २००१मध्ये एमकेसीएल या कंपनीची स्थापना झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगाव निघाले आणि सरकारी नोकरीसाठीही ते प्रमाणपत्र लागू लागलं. त्यानंतर तर 'अभ्यासासाठी' या शब्दाला घराघरांत वजन आलं. गेम हा त्या खरेदीतला न बोललेला भाग होता. समासातल्या त्या एका ओळीला बेरजेत कसं आणायचं, या खटपटीतून महाराष्ट्रातल्या एका पिढीने कॉम्प्युटर समजून घेतला. कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा या चिठ्ठीने जास्त शिकवलं, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ज्या रस्त्यावर ही चिठ्ठी लिहिली जायची त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र अजून लॅमिंग्टन रोडच आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १९४०मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा व्यासपीठावर बसलेले हेच लॅमिंग्टन जखमी झाले होते. रस्त्याची जुनी ओळख सिनेमाची. मिनर्व्हा, अप्सरा, इंपीरियल, नाझ ही थिएटरं इथलीच. 'शोले' मिनर्व्हात १९७५च्या १५ ऑगस्टला लागला आणि पाच वर्षं चालला. नाझच्या इमारतीत फिल्म वितरकांची कार्यालयं होती.

सिनेमाच्या या गर्दीच्या बाजूलाच रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार वाढला. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचे कोन, पुढे ट्रान्झिस्टर आणि आयसी. रेडिओ दुरुस्त करणारे, अँप्लिफायर बांधणारे, हॅम रेडिओवाले आणि व्हीजेटीआयसारख्या कॉलेजांतली प्रोजेक्टवाली मुलं, सगळे इथेच यायचे. अख्खी वस्तू न घेता तिचे भाग घ्यायचे, घासाघीस करायची, घरी नेऊन जोडायचं आणि चाललं नाही तर दुसऱ्या दिवशी परत यायचं, ही इथली रीत कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे. म्हणून कॉम्प्युटरचे भाग बाजारात आले तेव्हा लॅमिंग्टन रोडला नवं काही शिकावं लागलं नाही. जुन्या फळ्यांवर नवा माल लागला, इतकंच.

पुण्यातही बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत विजेच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या मालाचा असाच बाजार होता. पण भावाची खात्री करायला पुण्याचा मुलगासुद्धा एकदा मुंबईची फेरी मारायचा.

भाग सुटे मिळतात, ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि तरीही एकमेकांना जुळतात, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं नवल वाटत नाही. याची सुरुवात ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमच्या पीसीने झाली. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूला हे यंत्र साधारण वर्षभरात बाजारात आणायचं होतं. सगळं स्वतः बनवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बाहेरचे तयार भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ होता. फ्लॉपी ड्राइव्ह टँडन या कंपनीचे होते. भारतात जन्मलेल्या जुगी टँडन यांनी ती कंपनी अमेरिकेत काढली होती. आयबीएमने यंत्राची तांत्रिक माहिती, अगदी सर्किटच्या आकृत्यांसह, पुस्तकरूपाने विकायला ठेवली. आपली म्हणावी अशी त्यांची मुख्य गोष्ट एकच होती, ती म्हणजे बायोस हा छोटा प्रोग्रॅम. कॉम्पॅकच्या इंजिनिअरांनी मूळ प्रोग्रॅमची नक्कल न करता तसंच काम करणारा बायोस स्वतः लिहिला आणि १९८२च्या अखेरीस आपला पीसी जाहीर केला. १९८४मध्ये फिनिक्स ही कंपनी असा बायोस कुणालाही विकू लागली. मग तैवानमध्ये मदरबोर्डांचे कारखाने उभे राहिले. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्सची मापं ठरवून दिली आणि कोणत्याही बोर्डाची भोकं कोणत्याही कॅबिनेटच्या स्क्रूंना जुळू लागली. गिऱ्हाईक चिठ्ठीतली एक ओळ खोडून तिथे दुसरी लिहू शकत होतं, ते यामुळे.

भारतात तोवर चित्र निराळं होतं. आयबीएम १९७८मध्ये देश सोडून गेली होती. कॉम्प्युटर आणि त्याचे भाग यांच्यावरची आयात जकात भारी होती. नोव्हेंबर १९८४मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं, जकात उतरवली आणि सुटे भाग आणून इथे पीसी जोडणं परवडू लागलं. तरीही हे पीसी बँका, कारखाने आणि सरकारी कचेऱ्यांसाठीच होते. नोकरदाराच्या घरात ते येण्याचा प्रश्नच नव्हता.

घरी खेळायचा कॉम्प्युटर त्या काळात महाराष्ट्रात एका वेगळ्या वाटेने आला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या पुण्याच्या कंपनीने ब्रिटनमधल्या सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेतलेली आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकायला काढली. टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअर लावायचा, टेपमधला कर्कश आवाज काही मिनिटं ऐकायचा, की गेम सुरू. स्मृती अवघी ४८ केबी. ज्यांच्या घरी तो होता त्यांच्याकडे संध्याकाळी वाड्यातली मुलं जमायची. पण तो बंद डबा होता. त्यात निवडायला काहीच नव्हतं. घ्यायचा तर अख्खा घ्यायचा, नाहीतर नाही. 'माझ्याकडे इतके पैसे आहेत, त्यात काय काय बसेल?' हा प्रश्न त्या यंत्राला विचारता येत नव्हता.

तो प्रश्न विचारता यायला आणखी दहा वर्षं लागली. १९९१नंतर आयात हळूहळू मोकळी झाली. डिसेंबर १९९६मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती-तंत्रज्ञान करार झाला. १९९७मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २००५पर्यंत करारातल्या वस्तूंवरची जकात शून्यावर आणायचं मान्य केलं. म्हणजे आठ-नऊ वर्षं दर अर्थसंकल्पाला जकात थोडी थोडी उतरत गेली आणि लॅमिंग्टन रोडची चिठ्ठीही तशी तशी हलकी होत गेली. जकात जास्त होती तोवर बराच माल सिंगापूर, हाँगकाँग आणि दुबईहून प्रवाशांच्या बॅगांतून यायचा. बाजारात त्याला 'ग्रे' म्हणत. ग्रेचा भाव कमी असायचा, पण वॉरंटी फक्त दुकानदाराच्या तोंडची. बिल हवं असेल तर एक भाव, बिलाशिवाय दुसरा. २०१०च्या सुमारास अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने जगातल्या बदनाम बाजारांच्या यादीत लॅमिंग्टन रोडचं नाव घातलं, ते मुख्यतः नकली सॉफ्टवेअर आणि सीड्यांमुळे. तो ठपका खोटा नव्हता. पण याच रस्त्यावर बिल देऊन, शिक्का मारून, तीन वर्षांनी बिघडलेला भाग बदलून देणारे दुकानदारही होते आणि बाजार टिकला तो त्यांच्या जिवावर.

आता वळू या १९९८कडे. ठरल्या पैशांत गेमिंगचा कॉम्प्युटर बांधण्याच्या इतिहासात या वर्षाइतकं सुगीचं वर्ष दुसरं नसेल.

'डूम' हा गेम येऊन पाच वर्षं होत आली होती. १९९६मध्ये 'क्वेक' आला होता आणि त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्डही. ते नेहमीच्या डिस्प्ले कार्डाच्या जोडीला बसायचं आणि मागून एका छोट्या केबलने त्याला जोडलं जायचं. ज्याने एकदा व्हूडूवर क्वेक पाहिला त्याला साध्या कार्डावरचा क्वेक पाहवत नसे. अडचण पैशांची होती. व्हूडूचे पैसे काढायचे तर चिठ्ठीतली दुसरी कुठली तरी ओळ कापायला हवी. सगळ्यात जड ओळ प्रोसेसरची, पण ती कापायची कशी?

वाट इंटेलनेच दाखवली, तीही नकळत. एप्रिल १९९८मध्ये इंटेलने सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्यात दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी मुळीच नव्हती. तो मंद चालायचा आणि त्याच्यावर टीका झाली. म्हणून ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ केबी कॅश प्रोसेसरच्या चिपमध्येच बसवली होती आणि ती पूर्ण वेगाने चालत होती. महागड्या पेंटियम टूमध्ये ५१२ केबी कॅश होती, पण ती चिपच्या बाहेर होती आणि निम्म्या वेगाने चालायची. गणित इथून रंगतं. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग गुणिले एक ठरलेला आकडा. सेलेरॉन ३००एचा गुणक साडेचार होता आणि तो बदलता येत नव्हता. बस ६६ मेगाहर्ट्‌झची, म्हणून वेग ३००. पण त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डांवर १०० मेगाहर्ट्‌झची बस होती. सेलेरॉनला ती लावली की १०० गुणिले साडेचार, म्हणजे ४५० मेगाहर्ट्‌झ. बरेचसे ३००ए हा वेग विनातक्रार पेलत.

ज्या दिवशी सेलेरॉन ३००ए बाजारात आला त्याच दिवशी इंटेलने ४५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम टूही आणला. सेलेरॉनची किंमत १४९ डॉलर आणि पेंटियमची ६६९. डॉलर तेव्हा ४२ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे जकात आणि कर सोडून एक सव्वासहा हजारांच्या घरात आणि दुसरा अठ्ठावीस हजारांच्या. वेग मात्र जवळपास सारखाच. मधल्या फरकात व्हूडू टू कार्ड येऊन वर पैसे उरत होते.

ज्यांचा मदरबोर्ड बसचा वेग हाताने बदलू देत नसे त्यांच्यासाठीही उपाय होता. सेलेरॉन तेव्हा पट्टीसारख्या कार्डावर यायचा आणि बोर्डावरच्या लांब खाचेत उभा बसायचा. त्याच्या कडेला सोनेरी टोकांची रांग. त्यातलं बी२१ क्रमांकाचं टोक बोर्डाला सांगायचं, की मी ६६चा आहे. ते टोक चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने झाकलं, किंवा त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, की बोर्ड त्याला १००चा समजायचा. टोक जेमतेम मिलिमीटरभर रुंद. टेबललॅम्पखाली, श्वास रोखून, आईच्या ड्रेसिंग टेबलावरची बाटली घेऊन हे काम करायचं, आणि ठिपका शेजारच्या टोकावर गेला तर पुसून पुन्हा करायचं. दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉनवर याहून साधी युक्ती निघाली. प्रोसेसरच्या पाठीवरचे तुटलेले तांब्याचे पूल शिसपेन्सिलीने जोडायचे. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते आणि कुलूपबंद गुणक मोकळा होतो. पेन्सिल मराठी शाळेतली दोन रुपयांची असली तरी चालायची.

या युक्त्यांत धोका होता. चिप तापायची, वॉरंटी जायची आणि फसलं तर घरात सांगायची सोय नव्हती. पण कॉम्प्युटरच्या छापील आकड्यामागे काय दडलेलं असतं, हे कळायला याहून चांगला धडा नव्हता. चिप विकताना तिच्यावर जो वेग छापतात तो तिची मर्यादा असतोच असं नाही. पुष्कळदा तो विकणाऱ्याने बाजार पाहून ठरवलेला असतो. हे ज्ञान लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर, 'चिप' आणि पुढे 'डिजिट' या मासिकांच्या पानांवर आणि शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत हातोहात पसरलं. मासिकांसोबत येणाऱ्या सीडीत गेमचे डेमो असायचे. विकत गेम न घेता आपल्या यंत्रावर काय चालतं हे बघायचा तो एक सरळ मार्ग होता.

याची उलट बाजू २००२मध्ये दिसली. एनव्हिडियाने त्या फेब्रुवारीत जीफोर्स ४ या नावाखाली दोन प्रकारची कार्डं आणली. एकाच्या नावापुढे टीआय, दुसऱ्याच्या पुढे एमएक्स. नाव एक असलं तरी जात वेगळी होती. एमएक्सची मूळ रचना दोन पिढ्या जुनी, जीफोर्स २ची, आणि पिक्सेल शेडर ही नव्या गेमना लागणारी सोय त्यात नव्हती. भाव मात्र आवाक्यातला होता. त्यामुळे एमएक्स ४४० हे कार्ड भारतात घरोघर गेलं. 'व्हाइस सिटी' त्यावर छान चालायचं आणि सगळे खूश होते. मग २००३च्या अखेरीस 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' आला आणि या कार्डावर तो चालेना. खोक्यावर जीफोर्स ३ किंवा त्यापुढचं लिहिलेलं, आपल्याकडे जीफोर्स ४, आणि तरी गेम नाही. चिठ्ठीवर नुसता आकडा मोठा असून भागत नाही, आकड्यानंतरची दोन अक्षरंही वाचावी लागतात, हे त्या वर्षी फार मुलांना रडकुंडीला येऊन कळलं. नावांचा हा घोळ कंपन्यांनी आजतागायत थांबवलेला नाही आणि तो गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

चिठ्ठीतल्या सगळ्यात दुर्लक्षित ओळीबद्दल आता सांगायला हवं. खरं तर तिला ओळ नव्हतीच. 'कॅबिनेट, एसएमपीएससहित' असं लिहिलेलं असायचं. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्ट वीज घेऊन आतल्या भागांना बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट पुरवणारा पत्र्याचा डबा. बाकी जग त्याला वेगळं नाव देत असलं तरी भारतातल्या बाजारात एसएमपीएस हेच चालतं. हजार-बाराशेच्या कॅबिनेटबरोबर तो जवळजवळ फुकट यायचा आणि त्याच्यावर ४५० वॅट असा कागद चिकटवलेला असायचा. जाणतं गिऱ्हाईक तो हातात घेऊन आधी वजन बघायचं. आत तांब्याचं वेटोळं आणि उष्णता शोषणारी पट्टी पुरेशी जाड असेल तर डबा जड लागतो. हलका लागला तर समजायचं की कागदावरचे वॅट कागदावरच आहेत. मग तो कागदावरचा बारीक तक्ता वाचायचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा मुख्य भार बारा व्होल्टच्या तारेवर असतो. तिथे चौदा अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट, एवढीच कामाची वीज. ४५०चा आकडा बाकीच्या तारांची बेरीज करून फुगवलेला.

पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री इथे लागायची, कारण एसएमपीएसमुळे गेम अधिक वेगाने चालत नाही. नुकसान उशिरा कळायचं. एखाद्या मे महिन्याच्या दुपारी, गेम रंगात आलेला असताना डब्यातून ठक् असा आवाज यायचा, जळका वास सुटायचा आणि कधी कधी तो जाताना मदरबोर्डही बरोबर न्यायचा. गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये कुठे काटकसर करावी याबद्दल मतं अनेक असतील, पण एसएमपीएसवर करू नये, याबद्दल जुन्या कारागिरांत दुमत नाही.

हाच धागा धरला की काही कार्डं भारतात एवढी का खपली तेही उलगडतं. मदरबोर्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज घेता येते. त्याहून जास्त हवी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी तार लागते आणि स्वस्त डब्यांत ती नसायची. २०१४मधलं जीटीएक्स ७५० टीआय फक्त ६० वॅट घ्यायचं. २०१६मधलं १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवायचं. ही दोन्ही कार्डं जुन्या, अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये थेट खोचता यायची आणि एसएमपीएस बदलावा लागायचा नाही. नाशिक, सोलापूर, अमरावतीच्या कितीतरी घरांत तो जुना डबा या एका कार्डाने गेमिंगचा झाला.

मुंबईबाहेरच्या चिठ्ठीत आणखी एक ओळ सक्तीची होती. २००५च्या आसपास महाराष्ट्रात विजेचा तुटवडा टोकाला गेला आणि शहरांत काही तास तर गावांत त्याहून कितीतरी जास्त भारनियमन सुरू झालं. मुंबई त्यातून सुटली होती. त्यामुळे दादरच्या मुलाचे जे पैसे रॅमवर जायचे ते जळगावच्या मुलाचे यूपीएसवर जायचे. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरायचा, तेवढ्यात गेम सेव्ह करून मशीन बंद करायचं. दोघांचा आकडा एकच असला तरी गेम दादरला जास्त चांगला दिसायचा, आणि त्याचं कारण वीज मंडळाच्या वेळापत्रकात होतं.

चिठ्ठीवरचे भाव तर याहूनही दूरच्या कारणांनी हलत. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. चिप ज्यात बंद करतात त्या राळेसाठीचं रसायन जगाला पुरवण्यात या एका कारखान्याचा वाटा फार मोठा होता. जगभर रॅमचे भाव भडकले. २१ सप्टेंबर १९९९ला तैवानमध्ये भूकंप झाला आणि पुन्हा तेच. २०११च्या पावसाळ्यात थायलंडमधले हार्डडिस्कचे कारखाने पुराच्या पाण्यात गेले आणि इथे दिवाळीची खरेदी करायला निघालेल्या लोकांना हार्डडिस्कचा भाव ऐकून परत फिरावं लागलं. दुकानदार खोटं बोलतोय असं गिऱ्हाइकाला वाटायचं. तो खोटं बोलत नव्हता. सकाळी घाऊक व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेला भाव दुपारपर्यंत टिकत नव्हता. डॉलरचंही तसंच. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया घसरत ६८च्या पलीकडे गेला, तेव्हा चिठ्ठीच्या तळाशी 'भाव आजच्यापुरता' असं लिहायची पद्धत पक्की झाली.

सगळ्यात मोठा घाव मात्र ग्राफिक्स कार्डावरच बसला. आभासी चलनाचं गणित सोडवायला, म्हणजे त्याच्या 'खाणकामा'ला, हीच कार्डं कामाला येतात हे कळल्यावर २०१७च्या उन्हाळ्यापासून ती गठ्ठ्याने उचलली जाऊ लागली. २०२१मध्ये तर महासाथीतली चिपटंचाई आणि हे खाणकाम दोन्ही एकत्र आली आणि छापील किमतीच्या दुपटीला कार्ड मिळणंसुद्धा नशिबाचा भाग झाला. मुलं वर्षभर जुन्या कार्डावर थांबून राहिली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, त्याचं खाणकाम बंद झालं आणि रात्रंदिवस राबून दमलेली ती कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. पंख्याच्या पात्यांवरची धूळ आणि स्क्रूंवर उमटलेले स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे बघून कार्ड खाणीतलं आहे का हे ओळखायची नवी विद्या लॅमिंग्टन रोडवर तयार झाली.

या काळात चिठ्ठीही बदलली. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला. मुंबई महापालिकेची जकात, राज्याचा व्हॅट असे वेगवेगळे आकडे जाऊन बहुतेक भागांवर एकच १८ टक्के झाले आणि 'बिलाशिवाय'चा भाव मागे पडत गेला. मॉनिटरचं दुखणं थोडं लांबलं. मोठ्या पडद्याच्या मॉनिटरवर २८ टक्के लागत होते. १ जानेवारी २०१९पासून ३२ इंचांपर्यंतचे मॉनिटर १८ टक्क्यांत आले. गेमचे भावही रुपयांत आले. स्टीमने नोव्हेंबर २०१५मध्ये भारतासाठी रुपयांतले भाव सुरू केले आणि विकतचा गेम घेणं ही फुशारकीची बाब न राहता नेहमीची गोष्ट झाली. मार्च २०१७मध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर आले आणि पुढच्या फेब्रुवारीत ९९ डॉलरचा रायझन ३ २२००जी. त्याच्या आतच ग्राफिक्सची बरी सोय होती. कार्ड नंतर घेऊ, आधी यावर सुरू करू, असं पहिल्यांदाच निश्चिंतपणे म्हणता येऊ लागलं.

यादीचा क्रम आता उलटा झाला आहे. गेमिंगसाठी कॉम्प्युटर बांधायचा तर आकडा ठरल्यावर आधी ग्राफिक्स कार्ड ठरतं आणि एकूण पैशांतला तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा तेच घेतं. प्रोसेसर त्याला साजेसा, मग बोर्ड, मग रॅम. एसएमपीएसला स्वतःची ओळ मिळाली आहे, कंपनीच्या नावासकट. समासातलं कार्ड यादीच्या माथ्यावर जाऊन बसायला साधारण वीस वर्षं लागली. मुलगा बापासमोर 'गेमसाठी' हा शब्द मोकळेपणाने उच्चारू लागला, हा बदलही त्याच वीस वर्षांतला.

२०२५ सरताना पुन्हा एकदा रॅमचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना स्मृतीच्या चिप मोठ्या प्रमाणात हव्या होत्या आणि चिप बनवणारे तिकडे वळले होते. मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल या नावाने ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. डॉलरनेही त्याच महिन्यात ९०चा आकडा ओलांडला. लॅमिंग्टन रोडवर रविवार सोडून दुकानं उघडतात, शनिवारी गर्दी होते, पण कोटेशन आता मोबाइलवर येतं आणि दोन दिवसांनी खाली सरकून नाहीसं होतं.

म्हणून एक विनंती. जुन्या घरांत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मदरबोर्डाचं पुस्तक, वॉरंटी कार्ड आणि ड्रायव्हरची सीडी एकत्र ठेवलेली एक पिशवी बहुधा असते. तिच्यात तळाशी बॉलपेनने लिहिलेली कोटेशनची चिठ्ठी असू शकते. कोणत्या वर्षी कोणता भाग केवढ्याला मिळत होता आणि मध्यमवर्गीय घराने त्यातलं काय घेतलं, काय सोडलं, याची दुकानाच्या हातची नोंद त्या चिठ्ठीइतकी नेमकी क्वचितच कुठे सापडेल. घर आवरताना ती रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला ती कुणी आणली आणि किती पैसे हातात होते तेवढं लिहा, आणि जपून ठेवा.